एडगर ऑर्मरॉडचं नाव वाचायचं नाही

जेराल्ड पिलिंगची कमाल बघा, ही बातमी सांगायला त्याने शाळेच्या स्वयंपाकघराचं मागचं दार निवडलं. थेल्मा कोपरापर्यंत पिठात बुडालेली, शेगडीवर कस्टर्डचं पातेलं उतू जायच्या बेतात, आणि हा माणूस टोपी हातात धरून उंबऱ्यावर उभा. कोटावर माजी सैनिक संघाचा बिल्ला, मिशा ताज्या कातरलेल्या.

"थेल्मा, तुला जरा वाईट वाटेल," तो म्हणाला. "कमिटीत ठरलंय. ऑगस्टच्या कार्यक्रमात लढाईवर गेलेल्या सगळ्यांची नावं वाचणार, पण तुझ्या वडिलांचं नाव वाचायचं नाही."

"का?"

"का ते तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पिलिंगने टोपी हातातल्या हातात फिरवली. "मिस हॉवर्थ म्हणाल्या, ते नाव घेतलं तर मी उठून जाईन. त्या लढाईचं पन्नासावं वर्ष आहे, बाई. लेनर्डच्या सख्ख्या बहिणीला भर चौकातून उठून जायला लावायचं? बरं दिसतं का ते?"

"आणि माझा बाप? तो जिवंत परत आला हाच त्याचा गुन्हा ना? तिथेच मेला असता तर दगडावर कोरला असतात तुम्ही त्याला!"

"हळू बोल. पोरं ऐकतायत."

"ऐकू देत की! मी शाळेत होते तेव्हा मलाही ऐकवत होतेच ना सगळे!"

पिलिंग मागे सरकला. पण माणूस किती निर्लज्ज असावा? जाता जाता म्हणतो, "चहापाण्याचं मात्र दरवर्षीसारखं तूच बघशील ना? तुझ्या हातच्या स्कोनांची सर दुसऱ्या कुणाला नाही." थेल्माने हातातलं लाटणं ओट्यावर असं आपटलं की भांडी खणखणली. तेवढ्यात कस्टर्ड बुडाला लागलं, आणि त्या दिवशी हेल्मक्लफच्या पोरांनी करपलेलं कस्टर्ड खाल्लं.

थेल्मा सग्डन, माहेरची ऑर्मरॉड. वय सत्तेचाळीस, हाताने भक्कम, तोंडाने त्याहून. आमच्या हेल्मक्लफात तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली चार बाया, आणि मुख्याध्यापकसुद्धा आत येताना दार वाजवतात. पण बापाचा विषय निघाला की हीच बाई आठ वर्षांची होते. तेव्हा गिरणीच्या भिंतीपाशी पोरं तिच्या मागे ओरडायची, "पळपुट्याची पोर! पळपुट्याची पोर!" एकदा तिने त्यातल्या एकाचा दात पाडला. तिला वाटलं, घरी गेल्यावर बाप म्हणेल, शाबास. बापाने फक्त तिचा हात नळाखाली धुतला.

हे असंच चालायचं. एडगर ऑर्मरॉड दुसऱ्या महायुद्धात टँक चालवायचा आणि लढाईनंतर नगरपालिकेची बस. गिरणीपासून वर टेकडीवरच्या चॅपलपर्यंत, आणि परत खाली. गावाला जे माहीत होतं ते एवढंच: चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये त्याच्या टँकला गोळा लागला, टँक पेटला. शेजारच्या खुर्चीवर हॉवर्थांचा लेनर्ड, म्हणजे लेनी, बसलेला होता. एडगरच्याच गल्लीतला, त्याच्याबरोबर भरती झालेला, जिवाभावाचा मित्र. एडगर बाहेर पडला आणि पळाला. लेनी आत राहिला. आणि हे काही कुणी उठवलेलं नव्हतं. एडगरने स्वतःच्या तोंडाने लेनीच्या आईला तिच्या बैठकीत बसून सांगितलं होतं, "मी पळालो."

त्या दिवसापासून लेनीच्या बहिणीने, इडा हॉवर्थने, ऑर्मरॉडांशी बोलणं टाकलं. गिरणीत हिशेब तपासायला होती, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची. एडगरची बस आली की ती थांब्यावर पाठ फिरवून उभी राहायची आणि पुढची यायची वाट बघायची. धो धो पावसात, बर्फात, हातात सामानाच्या दोन पिशव्या. एडगर दार उघडायचा, थोडा थांबायचा, दार मिटायचा. रोज. सगळी बस हे बघायची, आणि त्याच बसमध्ये कधी कधी थेल्माही असायची. तिला इडाचा राग यायचाच, पण बापाचा त्याहून जास्त यायचा. अरे माणसा, एकदा तरी दार उघडूच नकोस! नाहीतर खाली उतर आणि त्या बाईला तोंडावर विचार, किती दिवस चालवणार हे? पण नाही. एडगर आपला दार उघडतोय आणि मिटतोय.

यंदा फेब्रुवारीत तो गेला. प्रेताला माणसं यावीत तेवढी आली, पण माजी सैनिक संघाचा झेंडा आला नाही. शवपेटी नुसतीच, वर बायकोच्या हातची जुनी शाल. थेल्माने त्याच आठवड्यात लष्कराच्या कचेरीला लिहिलं, माझ्या वडिलांची नोकरी कुठे कुठे झाली ते कळवा. त्यांचं उत्तर आलं ते पिलिंग येऊन गेल्याच्या नंतरच्या सोमवारी. इतके महिने घेऊन सरकारने काय कळवावं? बुटाचं माप. दात किती किडलेले. एक कांबळं हरवलं म्हणून झालेला दंड. आणि शेवटी तीन रेजिमेंटांची नावं, पुढे नुसत्या तारखा. नवीन पोरांना टँक शिकवतात ती एक, मग पेनाइन यॉमनरी, जिच्यात आमच्या गावची सगळी पोरं होती. आणि तिसरी दक्षिणेकडची, जिचं नावही थेल्माने कधी ऐकलं नव्हतं.

"बघ हे," ती नवऱ्याला म्हणाली. डेरिक सग्डन स्वभावाने गरीब, पावाला लोणी लावत होता. "लेनी मेला त्याच महिन्यात यॉमनरी मोडली. इतकी माणसं मेली की रेजिमेंट म्हणून काही उरलीच नाही. उरलेली माणसं दुसरीकडे वाटून टाकली, कालची भाजी वाटावी तशी. आणि बाबा त्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेले. टँकवरच. पार हॅम्बुर्गपर्यंत."

"बरं मग?"

"बरं मग काय! जो माणूस जळत्या टँकमधून पळाला, तो परत दुसऱ्या टँकमध्ये जाऊन बसला? त्याच खुर्चीवर? बर्फात, पुढच्या वसंतापर्यंत? पळपुटे असे असतात का?"

"लष्करात हुकूम असतो, थेल्मा. विचारतं कोण?"

"तू गप पाव खा."

मग तिने फोन हाणायला सुरुवात केली. यॉमनरीच्या जुन्या सैनिकांची संघटना होती, तिचा सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाला, ऑर्मरॉड ना, त्यांची नोकरी शेवटी दुसरीकडे संपलेली दिसते, म्हणजे ते तसे आमचे नव्हेत. दक्षिणेकडच्या रेजिमेंटवाला त्याहून गोड. म्हणे, ते आमच्याकडे उसने आलेले, मूळचे तुमच्या उत्तरेकडचे. थेल्मा फोनवर किंचाळली, "अहो, मग जर्मनांनी तो गोळा मारला कुणाच्या माणसाला? पोस्टमनला?" तिकडून फोन ठेवला गेला. तिने परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सेक्रेटरीच्या बायकोने उचलला आणि हलक्या आवाजात सांगितलं, जुलैच्या अखेरच्या रविवारी चेशरमध्ये एका शेतकऱ्याच्या कुरणावर जुन्या लष्करी गाड्यांची जत्रा भरते. आमचे म्हातारे तिथे चहाच्या तंबूत जमतात. एम्लिन प्राइस म्हणून विचारा. यॉमनरीत तुमच्या वडिलांच्याच टँकवर तोफ चालवायचे ते.

त्या रविवारी थेल्मा एकटीच गेली. डेरिक येतो म्हणाला, पण तिला शांत करणारं माणूस बरोबर नको होतं. कुरणभर चिखल, डिझेलचा धूर, सॉसेजचा वास, आणि लढाई न बघितलेले पन्नाशीचे पुरुष लष्करी कपडे घालून मिरवतायत. तिला त्या सगळ्यांनाच एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती. तंबूत म्हाताऱ्यांचं टेबल होतं. काळ्या टोप्या, थरथरते कप. तिने एम्लिन प्राइस कोण म्हणून विचारलं, तर कोपऱ्यातला एक बुटका वेल्श माणूस उठून उभा राहिला.

"एडगरची, आमच्या एडीची हनुवटी आहे तुला," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, कधीतरी कुणीतरी येणार."

"मग बसून का राहिलात वाट बघत? टपालाला पैसे नव्हते?"

म्हातारा त्यावर हसला नाही. थेल्माने तिथेच, सगळ्यांच्या देखत सुरुवात केली. गाव काय म्हणतं, पिलिंग काय म्हणाला, नाव वाचणार नाहीत. "तुम्ही होतात ना तिथे? मग सांगा. माझा बाप पळाला का?"

एम्लिन प्राइसने कप खाली ठेवला. "इथे सांगून तुला कळायचं नाही. चल."

कुरणाच्या टोकाला एक शर्मन टँक उभा होता, कुणा ट्रकवाल्या मालकाने हौसेने दुरुस्त केलेला. एम्लिनचं आणि त्याचं काही बोलणं झालं, मालकाने मान हलवली. टँकच्या पुढच्या अंगाला डोक्यावर दोन झाकणं, डावीकडे चालकाचं, उजवीकडे त्याच्या शेजाऱ्याचं. "डावी जागा एडीची," एम्लिन म्हणाला. "तू उजवीकडे उतर. लेनीच्या जागेवर."

थेल्मासारख्या बाईला त्या भोकातून उतरवणं म्हणजे सोपं काम नव्हे. कंबर अडकली, स्कर्ट कुठेतरी टरकला, ट्रकवाल्याने खांद्यावर दाबून तिला आत ढकललं, तेव्हा तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत गुडघ्याशी लोखंड, कोपराशी लोखंड. डाव्या हाताला गिअरची अख्खी पेटी, तिच्या पलीकडे चालकाची खुर्ची. लढाईत त्या दोघांच्या मध्ये कांबळी, डबे, गोळ्यांच्या पेट्या कोंबलेल्या असायच्या, ट्रकवाला वरून म्हणाला. मग वर मागच्या बाजूला, फिरत्या बुरुजात, एम्लिन धापा टाकत चढल्याचा आवाज आला. कुठेतरी हाताचं चाक फिरायला लागलं, घरघर घरघर, आणि तिच्या डोक्यावरचा उजेड थोडा कमी झाला.

"झाकण ओढून घे," एम्लिन ओरडला. तिने घेतलं. "आता नीघ बाहेर."

तिने दोन्ही हातांनी झाकण वर रेटलं. चार बोटं उचललं आणि कशावर तरी धाडकन आदळलं. तिने परत रेटलं. परत धाडकन. पाय टेकायला जागा नाही, खांदा लावायला जागा नाही. वरच्या फटीतून तिला दिसलं, तोफेची नळी बरोबर झाकणावर येऊन थांबली होती. ती मग झाकणावर मुठी मारायला लागली. "उघडा! अहो, उघडा! प्राइस!" बाहेर जत्रा चालू होती, कुठेतरी बँड वाजत होता.

घरघर परत झाली, उजेड आला, ट्रकवाल्याने तिला बखोटीला धरून ओढून काढलं. जमिनीवर पाय टेकताच तिने एम्लिनच्या कोटाची कॉलर धरली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण तिने धरली.

"हे कुणी केलं? तोफ तिथे कुणी ठेवली होती?"

"मी," एम्लिन म्हणाला. "उजवीकडच्या झाडीवर मारत होतो मी. गोळा लागला आणि मी वरून उडी टाकली. नियम काय होता? टँक सोडायच्या आधी तोफ सरळ समोर करायची, म्हणजे खालच्या दोघांची झाकणं मोकळी होतात. रोज घोकून घेतलं होतं आमच्याकडून. मी केली नाही. वीज गेलेली, हाताने फिरवायला वेळ लागला असता. मी नाही थांबलो."

"आणि पोटाखालचं दार? ट्रकवाला म्हणाला, खालून पण दार असतं."

"आम्ही बांधावर चढलो होतो. पोट मातीत रुतलेलं."

"आणि माझा बाप?"

"एडी बाहेर पडला, टँकवरून खाली पण उतरला, आणि मग परत चढला. लेनीच्या झाकणाला लोंबकळून ओढत होता. मला ओरडत होता, एम्लिन, वर जा, तोफ फिरव! मी खड्ड्यात पडून होतो, पोरी. मी नाही गेलो. मग तो स्वतः बुरुजात शिरायला गेला, पण तिथून ज्वाळा येत होत्या. शेवटी सार्जंटने आणि मी त्याचे पाय धरून त्याला खाली ओढला. त्याने मला लाथा घातल्या. लेनी आतून त्याला हाका मारत होता. एडी, एडी. दुसरं काही नाही."

थेल्माने कॉलर सोडली. "किती वेळ?"

"नको विचारूस."

"किती वेळ?"

"खूप वेळ," एम्लिन म्हणाला. "आपण मघाशी चहाला बसलो होतो ना, त्याहून जास्त."

ती टँकच्या पट्ट्यावरच बसली. ट्रकवाला निमूट बाजूला निघून गेला. मग तिने सगळ्यात मोठा प्रश्न विचारला. "मग पळालो असं का म्हणाला तो? कुणी सांगितलं होतं त्याला?"

"त्या घरी मीही होतो," एम्लिन म्हणाला. "शेहेचाळीस साली. परत आल्यावर मेलेल्या दोस्ताच्या घरी जायचं, ही रीतच होती. आणि तिथे काय बोलायचं तेही ठरलेलं असायचं. लगेच गेला, त्याला काही कळलं नाही. प्रत्येक घरी हेच. लेनीच्या आईने लढाईभर जपून ठेवलेला सॅमन माशाचा डबा आमच्यासाठी फोडला. एडीने सांगितलं, पहिल्याच गोळ्यात गेला, मिसेस हॉवर्थ. म्हातारी रडली, पण तिला बरं वाटलं. तेव्हा ती बहीण बोलली. तुला कसं कळलं तो लगेच गेला? तू पाहिलंस त्याला? डोळे मिटलेले होते का? चेहरा कसा होता? एकामागून एक. एडीला खोटं बोलायची सवय नाही. त्याला लेनीचा चेहरा काही बनवता येईना. मी शेजारी बसलोय, तोंडात मासा. आणि मग तो म्हणाला, मी पाहिलं नाही. मी बघायला थांबलोच नाही. मी पळालो."

"आणि तुम्ही?"

"मी मासा गिळला."

थेल्माने त्याच्या कानाखाली वाजवली नाही याचं तिला पुढे बरेच दिवस नवल वाटत राहिलं. "आता यायचं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी हेल्मक्लफला यायचं आणि चौकात उभं राहून हे सगळं सांगायचं. खड्डा, लाथा, सगळं."

"येतो," एम्लिन म्हणाला. "आता मला कुणाची भीती नाही. पण ती बहीण समोर बसलेली असेल. तिला काय सांगू? तुझा भाऊ जिवंत होता आणि हाका मारत होता, हे सांगू? एडीने पन्नास वर्षं ज्यासाठी तोंड शिवून ठेवलं, ते मी तिथे भोंग्यावरून सांगू? तू म्हणत असशील तर सांगतो."

त्यावर ती आणखीच भडकली. घरी येईपर्यंत गाडीत ती एकटीच ओरडत होती. प्राइसवर ओरडली, इडावर ओरडली, सरकारवर, टँक बनवणाऱ्यांवर. सगळ्यात जास्त बापावर. अहो बाबा, म्हातारीला खोटं सांगितलंत, ठीक आहे. पण म्हातारी मरून किती वर्षं झाली! मला तरी सांगायचंत! मी दात पाडून घरी आले होते, तेव्हा तरी!

डेरिकला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला कळलं ना? बास की. त्या बाईला शहात्तर वर्षांची झाल्यावर हे कशाला ऐकवायचं? नाव नाही वाचलं तर नाही वाचलं."

"तुझ्या बापाचं असतं तर?"

"माझा बाप कोळशाच्या खाणीत होता. त्याचं नाव कोण वाचतंय?"

खरं सांगायचं तर तिचंही तेच ठरत आलं होतं. एडगरने पेललं, आपणही पेलू. सांगायचं नाही. तिने एम्लिनला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. आणि शनिवारी ती कार्यक्रमाच्या चहाची तयारी करायला चॅपलच्या हॉलमध्ये गेलीसुद्धा, कारण एवढ्या माणसांचं करणार कोण?

हॉलमध्ये पाच-सहा बाया होत्या. पाव कापणं, लोणी लावणं, मटणाचा वाटलेला गोळा भरणं चाललं होतं. इडा हॉवर्थ ऑर्गनचा सराव संपवून खाली आली. काठी, करडा कोट, एकही केस विस्कटलेला नाही. ती टेबलांवरून नजर टाकत टाकत थेल्मापाशी थांबली. तिच्याशी ती बोलली नाहीच. शेजारच्या बाईला म्हणाली, पण हॉलभर ऐकू जाईल असं.

"ऑर्मरॉडांना हे बरं जमतं. मागे राहून करायची कामं. पुढे उभं राहायची वेळ आली की पाय काढतात."

झालं. थेल्माने सुरी टेबलावर टाकली. पुढचं तिला स्वतःला नीट आठवत नाही, पण त्या पाच-सहा बायांना आठवतं, कारण त्या अजूनही त्याबद्दल बोलत नाहीत. तिने सगळं सांगितलं. तोफेची नळी झाकणावर कशी आली ते. कोण खड्ड्यात पडून होतं, कोण परत टँकवर चढलं. पोट मातीत कसं रुतलं. "तुमचा भाऊ लगेच नाही गेला, मिस हॉवर्थ! तो आतून झाकणावर मुठी मारत होता, आणि माझा बाप बाहेरून ओढत होता! तुमच्या आईला हे सांगायचं नाही म्हणून तो पळपुटा झाला! तुम्ही उलटतपासणी घेतलीत त्याची, मासा खाऊ घालून! आणि पुढे जन्मभर त्याला बसच्या दारात उभा केलात!"

इडाचा हात काठीवर होता. तिचा चेहरा बदलला असंही नाही. तिने फक्त विचारलं, आणि पन्नास वर्षांत ऑर्मरॉडांशी ती बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं, "तो आईला हाक मारत होता का?"

इथे तरी थेल्माने थांबायला हवं होतं. पण चढलेला राग असा कुठे उतरतो?

"नाही. माझ्या बापाला. एडी, एडी. शेवटपर्यंत तेवढंच."

इडाने मान हलवली, हिशेबातला एखादा आकडा जुळला की ती हलवायची तशी. मग ती काठी टेकत हॉलबाहेर गेली. थेल्माने सुरी परत उचलली. पाव कापायला लागली, तर तुकडे वेडेवाकडे पडायला लागले.

रविवारी सकाळी पिलिंगचा फोन आला. त्याचा आवाज नरमला होता. "मिस हॉवर्थ येऊन गेल्या. म्हणाल्या, त्यांची हरकत नाही. एडगरचं नाव वाचायचं. लेनर्डच्या नावाला लागूनच वाचा म्हणाल्या. अभिनंदन, थेल्मा."

"कसलं अभिनंदन?" थेल्मा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुपारी चौक भरला. बँड, झेंडे, काळ्या टोप्या, पोरांच्या हातात कागदी फुलं. थेल्माने बापाची तीन पदकांची पट्टी स्वतःच्या कोटाला उजव्या बाजूला लावली होती, दुसऱ्याची असली की उजवीकडेच लावतात. डेरिकने तिचा दंड धरला होता. समोर पहिल्या रांगेत इडा बसली होती, ताठ, हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर. पिलिंग भोंग्यासमोर उभा राहून नावं वाचायला लागला. प्रत्येक नावानंतर थोडा थांबत होता. त्या चौकात आवाज घुमतो, गिरणीच्या भिंतीवरून परत येतो.

"लेनर्ड हॉवर्थ."

इडा हलली नाही.

"एडगर ऑर्मरॉड."

नाव भिंतीवर आपटून परत आलं, एडगर ऑर्मरॉड. याच नावासाठी थेल्मा दोन महिने सगळ्या जगाशी भांडली होती. सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे, असं ती म्हणायची. गावाला ऐकू गेलं. आणि पहिल्या रांगेत इडा हॉवर्थने हातमोजे घातलेले दोन्ही हात कानांवर दाबून धरले, एखादं लहान मूल धरतं तसे, आणि डोळे मिटून घेतले. पिलिंगने पुढचं नाव वाचलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. पण थेल्माचं गेलं. तिला कळलं की इडाला ते नाव पिलिंगच्या नाही, टँकमध्ये अडकलेल्या लेनीच्या आवाजात ऐकू येतंय, आणि आता कायम तसंच येणार.

"अरे देवा," ती डेरिकला म्हणाली. "मी काय केलं हे."

नावं संपली आणि शांततेची दोन मिनिटं सुरू झाली. सगळा चौक माना खाली घालून उभा होता. त्या वेळी कुणी हलत नाही, पोरंसुद्धा नाहीत. थेल्मा हलली. झेंड्यांच्या समोरून, बँडच्या समोरून, पिलिंगच्या वटारलेल्या डोळ्यांसमोरून ती चालत गेली आणि इडाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. इडाने कानांवरचे हात काढले. तिने थेल्माकडे बघितलं नाही.

"किती वेळ?" ती पुटपुटली. "हाका किती वेळ मारत होता?"

थेल्माच्या तोंडात खरं उत्तर होतं. एम्लिनने चहाच्या मापाने दिलेलं.

"फार नाही, मिस हॉवर्थ," ती म्हणाली. "एक-दोनदाच. मग लगेच गेला. धुरानेच."

इडाने हातमोजा घातलेला हात थेल्माच्या मनगटावर ठेवला आणि तो असा आवळला की दुखावं.

"तुलाही नीट खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "परत सांग."

थेल्माने परत सांगितलं.